अळ्यांची पांजरपोळ

जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत गौतमचंद सेठजींचं घर आहे. या घरात मुंग्यांची रांग निघाली तर माणसं वळसा घालून जातात, पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नाही आणि चातुर्मास लागला की पालेभाजी उंबरा ओलांडत नाही, कारण पानाआड एखादा जीव बसलेला असेल. अशा घरात एके दिवशी चेलना डब्यात घालून जिवंत अळ्या घेऊन आली. गौतमचंदांनी झाकण उघडून पाहिलं, परत लावलं आणि "तुझ्या दादीसांना तूच सांग," एवढं म्हणून दुकानाची वाट धरली. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस आईपुढे मात्र गाय व्हायचा.

चेलना ही त्यांची धाकटी मुलगी. अख्खं घराणं सोन्यात, ही निघाली कपाशीत. पीएच.डी.साठी तिनं विषयही असा धरला होता की सांगायला गेलं तर ऐकणारा आधी तिच्याकडे आणि मग आभाळाकडे बघायचा. कपाशीच्या एका झाडाला अळी लागली तर शेजारच्या झाडाला ते कळतं का, आणि कळलं तर ते आधीच सावध होतं का? पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वावटळीत कॉलेजातलं जाळीघर फाटून गेलं होतं, म्हणून तिच्या मार्गदर्शक चारुलता मॅडमनी घरच्या गच्चीवर कुंड्या मांडायला परवानगी दिली. देताना बजावलंही, "हा हंगाम शेवटचा बरं का. या खेपेला काही हाती लागलं नाही तर विषय बदलायचा." म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात आणि पुन्हा श्रीगणेशा. तेवढा धीर घरात कुणाकडे उरला नव्हता आणि खरं सांगायचं तर चेलनाकडेही नव्हता.

दादीसा म्हणजे लाडकुंवरबाई. माहेर धुळ्याचं, त्यामुळे घरात मारवाडी, बाजारात मराठी आणि कामवाल्या कुंदाबाईशी चक्क अहिराणी बोलायच्या. रोज पहाटे सामायिक म्हणजे जैनांचं ध्यान करायचं, तोंडाला मुहपत्ती बांधून एका जागी स्थिर बसायचं आणि उठल्यावर बसकराखाली एखादा किडा तर आला नाही ना, हे मऊ लोकरीच्या पूंजणीनं हळूच झाडून पाहायचं, हा त्यांचा न चुकणारा नेम. अळ्यांचं ऐकून त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "खायला काय देणार त्यांना?"

"कपाशीची पानं."

"पोटभर ना?"

"हो, पोटभर," चेलना म्हणाली. हे अर्धंच खरं होतं, पण त्या घाईत तिनं अर्ध्यावर भागवलं.

माती कुंदाबाईनं धरणगावजवळच्या आपल्या वावरातून आणून दिली. कुंड्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या, झाडांची उंची मोजणाऱ्या चेलनाकडे बघून ती कमरेवर हात ठेवून हसली. "चेलनाबाई, तू पऱ्हाटी लावी राह्यनी का तिले शाळामा घाली राह्यनी?"

दादीसांना मात्र सगळं नीट समजून घ्यायचं होतं. एका संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "झाडाला नाक नाही, कान नाही. मग शेजारणीची हाक ऐकतं कशानं?"

चेलनाला सांगायला कुणी मिळालं की ती सुटायची. "पानाला अळीनं चावा घेतला की तिची लाळ जखमेत जाते, दादीसा. तेवढ्यावरून पेशीला कळतं, की हे वाऱ्यानं फाटलेलं नाही, कुणीतरी खातंय. मग पेशीच्या पापुद्र्यातली चरबी तुटते आणि तिच्यापासून एक आम्ल तयार होतं. जास्मोनिक आम्ल म्हणतात. जाईच्या अत्तराला जो वास असतो ना, त्यात त्याचंच भावंड आहे. आता पेशीच्या गाभ्यात बचावाची जनुकं असतात, पण त्यांच्यावर काही प्रथिनं ठाण मांडून बसलेली असतात, त्यांना उठूच देत नाहीत. हे आम्ल आलं की ती प्रथिनं मोडीत निघतात आणि जनुकं कामाला लागतात. मग पानात असं काही तयार होतं, की अळी खाते पण तिला ते पचत नाही. पचवणारा रसच तिच्या पोटात बांधला जातो. आणि या सगळ्या गडबडीत पानातून एक वास सुटतो. आपल्याला नाही येत. शेजारच्या झाडाला पोचतो, असं मला वाटतं."

"वाटतं, की आहे?"

"तेच तर दाखवायचंय!"

दादीसांनी कपाशीचं एक पान उलटून पाहिलं. "मग झाड सदाच तसं का राहत नाही? लावल्यापासूनच कडू राहिलं म्हणजे कटकट मिटली."

"शक्ती खर्च होते ना. सारखा पहारा दिला तर वाढायचं कधी आणि बोंडं धरायची कधी?"

"हे तुझ्या पप्पांना सांग एकदा," दादीसा म्हणाल्या आणि दोघी पोट धरून हसल्या. असे हसण्याचे दिवस होते ते.

पुढची मांडणी अशी होती. गच्चीच्या टाकीकडच्या बाजूला थोड्या झाडांवर आधी अळ्या सोडायच्या, म्हणजे त्यांचा वास शेजारच्या निरोगी झाडांना लागेल. जिन्याकडच्या झाडांना मात्र काहीच कळू द्यायचं नाही. मग ती चावलेली झाडं हलवून टाकायची आणि दोन्हीकडच्या निरोगी झाडांना मलमलीच्या पिशव्या बांधून प्रत्येक पिशवीत एकेक पिटुकली अळी ठेवायची. टाकीकडच्या झाडांनी हाक ऐकली असेल तर तिथल्या अळ्या खुरटतील, जिन्याकडच्या फुगतील. नेमक्या या तयारीच्या दिवसांत दादीसा धुळ्याला भाच्याकडे गेल्या होत्या. परतल्या तेव्हा गच्चीवर सगळीकडे सारख्याच पांढऱ्या पिशव्या दिसत होत्या. कुठल्या बाजूला काय, हे चेलनानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

अळ्यांचं वजन करायला दुकानातला जुना सोन्याचा काटा गच्चीवर आला. ज्या काट्यावर नथी आणि बुगड्या तोलल्या, त्यावर हिरवट अळ्या चालताना बघून गौतमचंदांनी डोळे मिटून नवकार मंत्र म्हटला. चेलनानं मात्र डोळे ताणून आकडे बघितले. पुन्हा काटा पुसला, पुन्हा तोललं. टाकीकडे एक टपोरी, एक मरतुकडी. जिन्याकडेही तेच. कशाचा कशाला मेळ नव्हता. पुढच्या वजनाला तर टाकीकडच्याच काही अळ्या जास्त गुबगुबीत निघाल्या. चेलनानं काटा बाजूला सारला. झाडं एकमेकांचं काही ऐकत नाहीत आणि आपण एवढी वर्षं एका बहिऱ्या झाडापुढे बोलत बसलो, असं तिला वाटलं आणि भडभडून रडू आलं.

त्या रात्री तिला झोप कसली लागतेय. उजाडायच्या आधीच ती गच्चीवर गेली आणि दारातच थबकली. टाकीपाशी दादीसा उभ्या होत्या. एका पिशवीची दोरी त्यांनी सोडली, पूंजणीची लोकर पानापाशी नेली आणि त्यावर चढलेली अळी तोल सांभाळत जिन्याकडे नेऊन तिथल्या पिशवीत सोडली. तिथली टपोरी पूंजणीवर घेतली, टाकीकडे आणली आणि दोरी होती तशी बांधून टाकली. पंगतीत मागे राहिलेल्या पोराला पुढच्या पानावर बसवावं, इतक्या सहज.

"दादीसा!"

लाडकुंवरबाई दचकल्या, पण पूंजणी हलू दिली नाही. दुसरी अळी तिच्यावर होती.

"काय केलंत हे? रोज करताय?"

"अगं, ही बिचारी खाते पण अंगी लागत नाही तिच्या. दिवसेंदिवस वाळतेय. तिकडच्या बघ कशा टुमटुमीत. म्हटलं, पाळीपाळीनं सगळ्यांच्या पोटात जाऊ दे."

"माझं वर्ष घालवलंत तुम्ही!" चेलना ओरडली. त्या घरात दादीसांवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. "तुमची दया तुमच्यापाशी ठेवायची होती. माझ्या कामाला हात का लावला?"

दादीसांनी हातातली अळी तिच्या पानावर ठेवली, दोरी बांधली आणि कठडा धरत जिना उतरून गेल्या. पुन्हा त्या गच्चीवर आल्या नाहीत.

रागात माणसाच्या कानाला दडे बसतात. दादीसांचं बोलणं चेलनाच्या डोक्यात शिरलं ते दुपारी, आकाशवाणी चौकातल्या सिग्नलला. 'खाते पण अंगी लागत नाही.' कुठल्या पिशवीपाशी उभ्या होत्या त्या? टाकीकडच्या. उपाशी म्हणून उचललेली अळी तिकडचीच, आणि टुमटुमीत म्हणून दाखवलेल्या जिन्याकडच्या. दादीसांना तर कुठली बाजू कसली, हे ठाऊकही नव्हतं. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, तरी चेलना स्कूटर धरून तशीच उभी. कपाशी बहिरी नव्हती! तिनं रस्त्याकडेला होऊन चारुलता मॅडमना फोन लावला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

मॅडम मूळच्या चोपड्याच्या, हसायला लागल्या की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. मनसोक्त हसून झाल्यावर म्हणाल्या, "फार छान. पण आजीच्या दयेवर प्रबंध उभा राहत नाही, बाई. पुन्हा मांड. वेळ आहे अजून, पण जेमतेम. आणि या वेळी गच्चीला कुलूप लाव."

चेलनानं नवीन रोपं लावली, पुन्हा सगळं मांडलं. कुलूप मात्र लावलं नाही. त्याची गरजच नव्हती, दादीसा जिन्याकडे वळतही नव्हत्या. खाली जाऊन त्यांच्यापाशी बसावं, 'चुकले' म्हणावं, असं तिला रोज वाटायचं. पण काम आहे, घाई आहे, असं स्वतःलाच सांगत ती ते लांबणीवर टाकायची. प्रेमाच्या माणसापुढे वाकायला आपल्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे काही तिचं एकटीचं दुखणं नाही.

पर्युषण चालू झालं होतं. एका संध्याकाळी कुंदाबाई कुंड्यांसाठी पाणी घेऊन वर आली आणि बादली ठेवून तिथंच घुटमळली.

"काय गं, कुंदाबाई?"

"आजीसा जेवतस नही, चेलनाबाई. उपासना दिन ऱ्हायना तं ऱ्हायना, पन बाकीना दिन भी ताट जसं शे तसंच परत येस. तू बठ्ठा दिन आठेच. कोन सांगी तुले?"

चेलनानं हातातलं काम तसंच टाकलं. खाली गेली तर दादीसा जैन स्थानकात गेलेल्या. दुसऱ्या दिवशी संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस होता, सगळ्या घराला उपवास होता. दादीसांचा निर्जळी उपवास. त्यांच्याशी बोलायची वेळ अशी सापडलीच नाही.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना उरकून माणसं घरोघर एकमेकांची क्षमा मागत फिरत होती. चेलना पिशव्यांच्या दोऱ्या तपासायला गच्चीवर आली होती. दुसऱ्या दिवशी शेवटचं वजन होतं. जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. पांढऱ्या साडीतल्या दादीसा वर आल्या, कठड्याला टेकून श्वास घेतला आणि नातीसमोर हात जोडले.

"खमत-खामणा, चेलू. जाणतेपणी, अजाणतेपणी तुझं मन दुखावलं, तुझं काम नासवलं. मला क्षमा कर."

घरातलं सगळ्यात मोठं माणूस सगळ्यात धाकट्यापुढे हात जोडून उभं होतं. उत्तरादाखल आपणही तेच शब्द म्हणायचे असतात, हे चेलनाला ठाऊक होतं. तिनं दादीसांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. ते आधीपेक्षा हलके झाले होते आणि हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

"तुम्ही जेवत का नाही?" तिनं विचारलं.

"घास उतरत नाही गं. वर ती अर्धपोटी आहेत, आपल्याच घरात, हे मनातून जात नाही."

"मी सोडून देते सगळं. आत्ता दोऱ्या सोडते. बदलते विषय." चेलनाचा हात खरोखरच पहिल्या दोरीवर गेला.

"थांब!" दादीसांचा आवाज एकदम खणखणीत झाला. "तेच सांगायला आले. इतके दिवस खाली बसून हाच विचार केला. अळी जीव आहे, तशी कपाशीही जीवच आहे. तिला डोळे नाहीत, जीभ नाही, नुसता स्पर्श कळतो. लहानपणापासून रोज पाठात म्हणत आले मी हे. आणि वेळ आली तेव्हा काय केलं? जी वळवळते तिची दया आली, जी उभी आहे तिची आलीच नाही. तिनं आपला जीव राखायला एवढी धडपड केली, एकमेकींना निरोप दिले, आणि मी जाऊन तिचीच चोरी केल्यासारखं केलं." बोलता बोलता त्या कपाशीच्या कुंडीकडे वळल्या आणि तिलाही हात जोडले. मग म्हणाल्या, "वजन झाल्यावर काय करतेस गं अळ्यांचं?"

आता अर्ध्यावर भागणार नव्हतं. "फ्रीजरमध्ये ठेवायच्या असतात, दादीसा."

दादीसांनी पिशव्यांवरून एकदा नजर फिरवली. खालून कुणाच्या तरी घरातून "मिच्छामि दुक्कडम्" असे आवाज येत होते.

"वजन झाल्यावर जिवंत ठेवल्या तर चालत नाही?" दादीसांनी विचारलं.

चेलनानं फोन काढला. चारुलता मॅडम पलीकडून म्हणाल्या, "एकदा वजन झालं की झालं, मारल्याच पाहिजेत असं नाही. पण बाहेर मोकळ्या सोडायच्या नाहीत हं. लोकांची पिकं खातील."

"बाहेर कशाला?" दादीसा म्हणाल्या. "गाई-म्हशींना पांजरपोळ असते, यांना का नसावी? काय आवडतं गं यांना सगळ्यात?"

"एरंड."

त्यावर दादीसा कठड्यावरून वाकल्या आणि उपाशी पोटी असा आवाज लावला की गल्लीतल्यांनी वर पाहिलं. "कुंदाऽ! नालाकाठना एरंड लई ये वं सकाय!"

सकाळी कुंदाबाई मुळांसकट उपटलेले एरंड डोक्यावर घेऊन हजर झाली. मोठ्या कुंडीत ते रोवले, भोवती मच्छरदाणी ताणली. कुंदाबाईच्या मनात मात्र शंका होती. "आन् यासना पाखरं उडीसन आमना वावरमा उनात तं?"

"जाळी शे ना वं," दादीसांनी तिला समजावलं. "अठेच जगतीन, अठेच म्हातारा व्हतीन, मी व्हयनू तशा."

काटा मांडला. गौतमचंदही वर येऊन कोपऱ्यात उभे राहिले. जिन्याकडच्या अळ्या निघाल्या, टपोऱ्या, एकीपेक्षा एक. मग टाकीकडच्या पिशव्या उघडल्या. पहिली बारीक. दुसरी बारीक. शेवटच्या पिशवीपर्यंत सगळ्या अशा, की काट्यावर ठेवल्या न ठेवल्याचा फरक कळू नये. चेलनानं आकडा बघितला, पप्पांना दाखवला आणि मग तिचा तोल सुटला. ती हसत होती की रडत होती, हे तिलाच कळत नव्हतं. टाकीकडच्या झाडांनी हाक ऐकली होती. मॅडमना आता विषय बदल म्हणता येणार नव्हतं.

"झालं तुझं?" दादीसांनी विचारलं. "मग आता यांना वाढ."

एकेक बारीक अळी पूंजणीवरून एरंडाच्या पानावर उतरली. तोवर कुंदाबाईनं पारण्यासाठी मुगाचं पाणी आणलं, वाटी चेलनाच्या हातात दिली. उपवास दुसऱ्याच्या हातून सुटावा, अशी घरची रीत. चेलनानं चमचा भरला आणि दादीसांच्या तोंडापाशी नेला. दादीसांनी मान वळवली.

"आधी त्यांचं पारणं होऊ दे."

सगळे जाळीभोवती वाकून उभे राहिले. अळ्या हलेनात. एक नुसती डोकं उचलून इकडंतिकडं करत राहिली, दुसरी पानाच्या शिरेवर अंग मुडपून पडली. ऊन टाकीवर आलं. गौतमचंदांना दुकान उघडायचं होतं, पण जायचं नाव त्यांनी काढलं नाही. चेलना चमचा तसाच धरून उभी होती. फार उशीर तर झाला नाही ना, पचवायची ताकदच गेली नाही ना, हे भय तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

मग सगळ्यात बारीक होती ती अळी पानाच्या कडेला सरकली. थांबली. कडा पायांत धरली आणि मान खाली-वर करत पानाची नखाएवढी चंद्रकोर खाऊन टाकली. लगेच दुसरी घेतली.

"खातेय गं," दादीसा कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

चेलनानं चमचा पुढं केला. काल म्हणायचे राहून गेलेले शब्द आता आले. "दादीसा, खमत-खामणा. मी ओरडले तुमच्यावर. आणि इतके दिवस खाली आले नाही."

लाडकुंवरबाईंनी तोंड उघडलं. मुगाचं पाणी घशाखाली उतरताना सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी पदरानं ओठ टिपले, जाळीतल्या अळीकडे एकदा बघितलं आणि लहान मुलासारखं तोंड पुन्हा उघडलं.

"आणखी दे."